थांबू न देणारं बेट

बसा. पाठ टेकली तरी चालेल, फक्त हात मोकळे ठेवा. आज हातात काही धरायचं नाही. एक जुना व्हिडिओ गेम मनात उभा करायचा आणि त्यातून अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकत जायचं, एवढंच आपलं काम. तो खेळ प्रत्यक्षात सावकाश खेळताच येत नाही. मननासाठी तो निवडला, त्याचं कारणही हेच.

खेळाचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’. जपानच्या हडसन सॉफ्ट या कंपनीने तो सप्टेंबर १९८६ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. अमेरिकेत तो १९८८ मध्ये पोचला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे आठ-बिटी खेळ घरोघरी आले, तेव्हा एकाच कॅसेटमध्ये कोंबलेल्या लांबलचक यादीत तो असायचा, पुष्कळदा ‘आयलंडर’ या नावाने. त्या यादीतले मारिओ आणि काँट्रा सगळ्यांच्या आठवणीत पक्के बसले. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला गवताचा घागरा आणि सुटलेलं पोट असा हा माणूस मात्र ‘हो, तोही एक होता’ एवढ्यावरच राहिला. तुम्ही तो खेळला नसाल तरी अडत नाही. तुम्हाला तो आज पहिल्यांदा दिसेल, आणि पहिलं दर्शन मननाला चांगलं असतं.

आता डोळे मिटा आणि आधी फक्त आकाश आणा. निळं, एकाच रंगाचं, कुठेही छटा नसलेलं. त्याखाली हिरवी झाडी आणि त्याखाली चालायची जमीन. या साऱ्या चित्राची रुंदी २५६ ठिपके आणि उंची २४०. ज्या यंत्रात हे बेट उमटतं, त्याची कामापुरती स्मृती २ किलोबाइट. या लेखाचे पहिले दोन परिच्छेदही तिच्यात मावले नसते. एका आडव्या ओळीत आठाहून जास्त हलती चित्रं त्या यंत्राला दाखवता येत नाहीत. गर्दी झाली की ती लुकलुकायला लागतात, आळीपाळीने दिसतात. लहानपणी ही लुकलुक आपण कॅसेटचा दोष समजायचो आणि कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो. दोष तिचा नव्हता. जेवढं होतं तेवढ्यात सगळ्यांना जागा देण्याची ती धडपड होती.

त्या निळ्यावर थोडा वेळ राहा.

हडसन सॉफ्ट ही साप्पोरोची कंपनी. साप्पोरो म्हणजे जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावरचं शहर. तिथे दर हिवाळ्यात मीटरवारी बर्फ पडतो आणि १९७२ चं हिवाळी ऑलिंपिक तिथेच भरलं होतं. १९७३ साली हडसनची सुरुवात झाली ती हौशी रेडिओवाल्यांना लागणारं साहित्य विकणारं दुकान म्हणून. अशा गावच्या कंपनीने जगाच्या दिवाणखान्यात एक उष्ण, भर उन्हातलं बेट नेऊन ठेवलं. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला माडांचा प्रदेश म्हणजे दमट हवा, घाम आणि पावसाळ्याआधी उरकायची कामं हे ठाऊक असतं. या खेळातल्या बेटावर पाऊस नाही आणि घामही नाही. ते दुरून आठवलेलं, किंबहुना कधीच न पाहिलेलं ऊन आहे. त्यात खोटेपणा नाही असं मला वाटतं. ज्याला ऊन कमी मिळतं, तो ते असंच रंगवणार, सावलीशिवाय.

आता त्या जमिनीवर माणूस उभा करा. त्याचं तोंड उजवीकडे आहे. हात रिकामे आहेत, तुमच्यासारखेच. अजून चालवू नका. पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक उभ्या रेघांची एक पट्टी आहे, ती पाहा. ती आत्ता पूर्ण भरलेली आहे.

आणि एक रेघ गेली.

त्याने काही केलेलं नाही. कुणी मारलं नाही, कुठे पडला नाही. तो नुसता उभा आहे आणि एक रेघ कमी झाली. थोड्या वेळाने आणखी एक जाईल. पट्टी रिकामी झाली की तो मरतो. अंगावर साप आला म्हणून मरावं, खड्ड्यात पडून मरावं, तसाच तो उभ्या उभ्याही मरतो. या खेळाचा गाभा या एका पट्टीत आहे. बाकी सगळं, झाडं, गुहा, राक्षस, तिच्याभोवती रचलेलं आहे.

मारिओच्या खेळात वर घड्याळ असतं. पहिल्या फेरीत ते ४०० पासून उतरत येतं. ते मारिओच्या बाहेरचं आहे. त्याला त्याची जाणीव असायचं कारण नाही, ती काळजी खेळणाऱ्याची. इथे घड्याळ नाही. वेळ या माणसाच्या पोटात आहे. भूक लागत जाते, तोच इथला काळ. म्हणून पट्टीत भर पडते ती फळांनी. केळी, सफरचंद, मधूनच एखादं गाजर. फळ खाल्लं की काही रेघा परत येतात. दुधाची बाटली मिळाली तर पट्टी काठोकाठ भरते.

इथे श्वासाकडे लक्ष द्या. तो मुद्दाम लांबवू नका, आहे तसा चालू द्या. पोटाकडेही लक्ष द्या. शेवटचं जेवून किती वेळ झाला, हे घड्याळ न बघता तुम्हाला सांगता येईल. शरीर मोजत असतंच. खेळाने ते मोजणं फक्त वर, दिसेल अशा जागी आणून ठेवलं.

आणि फळं कुठे असतात? पुढे. नेहमी पुढेच. तुम्ही चालत जाता तशी ती हवेत, थोड्या अंतरावर उमटतात. मागे एखादं राहून गेलं तर ते गेलं, कारण पडदा मागे सरकत नाही. डाव्या कडेला भिंत नसते, तरी तिकडे जाता येत नाही. समईत तेल घालत राहावं तशी ही चाल आहे. ज्योत मोठी करायची नाही, विझू द्यायची नाही, आणि तेल मिळणार ते पुढच्या पावलावर. म्हणजे थांबलात तर भुकेने मराल. मग धावा असं कुणी म्हणेल. तेही पाहू.

माणसाला दोन पावलं चालवा. तो लगेच वेग धरत नाही. आधी जड असतो, मग सुटतो, आणि थांबवायला गेलं तर थोडा घसरून थांबतो. बटण दाबून धरलं तर तो धावतो, आणि धावताना त्याची उडीही उंच जाते. पुढे जमिनीवर एक दगड आहे. त्याला ठेच लागली तर तो अडखळतो, पट्टीतल्या काही रेघा जातात, पण जीव जात नाही. त्याच्या पुढे एक शेकोटी आहे. तिला पाय लागला की संपलं. दगड आणि शेकोटी दोन्ही जमिनीला चिकटून, दोन्ही लहान, आणि धावणाऱ्याला दोन्ही एकाच क्षणी दिसतात. धावणारा दगडावरून उडी मारतो आणि शेकोटीत उतरतो.

ही जागा मनात नीट बघून घ्या. दगड. शेकोटी. त्यांच्यामधलं अंतर. प्रत्यक्ष खेळात या अंतराकडे बघायला कुणाला वेळ मिळत नाही. स्टार्टचं बटण दाबून पडदा गोठवता येतो हे खरं, पण गोठलेल्या पडद्याकडे बघताना आपण पुढची उडी ठरवत असतो, पाहत नसतो. आता पाहा. ते अंतर कुणीतरी ठरवलं आहे. एवढं ठेवलं की सावकाश येणाऱ्याला दोन वेगळ्या उड्या मिळतील आणि घाईने येणाऱ्याला एकच. कुणीतरी हे पुन्हा पुन्हा खेळून पाहिलं असेल, एखादा ठिपका इकडे, एखादा तिकडे.

त्या ‘कुणीतरी’कडे थोडं वळू या, कारण या बेटाचा जन्म एकदाच झालेला नाही. आधी ते ‘वंडर बॉय’ या नावाने १९८६ सालीच, नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर आलं होतं. रियूइची निशिझावा यांच्या एस्केप या छोट्या कंपनीने ते घडवलं आणि सेगाने बाजारात आणलं. नाव आणि नायक यांचा हक्क सेगाकडे होता. बाकीचा खेळ, म्हणजे ते अंतर, ती शेकोटी, ती भूक, एस्केपकडे होता. हडसनने एस्केपकडून खेळ घेतला, पण नायक आणि नाव घेता येईना. म्हणून बेट जवळपास तेच राहिलं आणि त्यावरून चालणारा माणूस बदलला. मूळच्या खेळात पानं गुंडाळलेला एक पोरगा होता. हडसनने त्या जागी आपल्याच कचेरीतला माणूस ठेवला.

पुष्कळ जण एवढ्यावरूनच हा खेळ बाजूला सारतात: नक्कल आहे, नायक बदललेली आवृत्ती आहे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. तीच वाट दुसऱ्याच्या पायाखाली गेली म्हणून शेकोटी थंड होत नाही.

तो माणूस म्हणजे तोशियुकी ताकाहाशी. जपानमधली मुलं त्यांना ‘ताकाहाशी मेइजिन’ म्हणत, आणि खेळाचं जपानी नावही त्यांच्यावरूनच आहे. जन्म १९५९, साप्पोरोचा. ते हडसनचे प्रसिद्धीचं काम बघणारे कर्मचारी होते. १९८५ पासून कंपनी गावोगाव मुलांच्या स्पर्धा भरवू लागली, तिथे हे टोपी घालून उभे राहत आणि एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबून दाखवत. त्या काळात जपानमधल्या मुलांना त्यांचं नाव एखाद्या नटासारखं ठाऊक होतं. अमेरिकेत हा इतिहास कुणाला माहीत नव्हता, म्हणून तिथे त्यांचं ‘मास्टर हिगिन्स’ झालं. आपल्या कॅसेटींत तर नावच नव्हतं.

सेकंद किती लांब असतो ते पाहू. भिंतीवर काट्याचं घड्याळ असेल तर एक टिकटिक ऐका. तिच्यात सोळा घाव बसवायचे. एका बोटाने मांडीवर करून पाहा. हात आखडतो, मनगट ताठ होतं, खांदा वर चढतो. आता खांदा खाली येऊ द्या.

याच माणसाने मुलांना सांगितलं होतं की दिवसाला एकच तास खेळा. जपानमध्ये हे वाक्य त्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. खेळ विकणाऱ्या कंपनीचा माणूस मुलांसमोर उभा राहून असं सांगतो, याचं मला फार मोल वाटतं. ज्या हाताला सेकंदात सोळा वेळा दाबता येतं, त्याला कधी सोडायचं हेही कळायला हवं, असं त्यांना वाटत असावं. आणि बघा, ज्या बेटावर त्यांना चालायला लावलं तिथे सोळा घावांचा काही उपयोग नाही. तिथे उडी कधी मारायची आणि किती थांबून मारायची, एवढंच चालतं.

परत बेटावर या. पट्टी आपण मनाने धरून ठेवली आहे, ती उतरलेली नाही. हा फायदा फक्त मननात मिळतो.

पहिल्या फेरीच्या सुरुवातीला एक अंडं लागतं. मोठं, गुडघ्याएवढं. धक्का लागला की फुटतं आणि आतून दगडी कुऱ्हाड निघते. रिकाम्या हातांना मिळालेलं हे पहिलं साधन. पुढच्या अंड्यांवर ती कुऱ्हाड चालवायची: पहिल्या घावाला तडा जातो, दुसऱ्याला अंडं फुटतं. कुऱ्हाड सरळ जात नाही. ती कमान घेऊन खाली येते, म्हणून जवळच्या शत्रूवरून निघून जाते आणि फार लांबच्यापर्यंत पोचत नाही. साप, बेडूक, वटवाघूळ, कोळी, प्रत्येकासाठी आपलं अंतर वेगळं. त्यांत गोगलगायही आहे. सगळ्या बेटावर आपल्या आजच्या गतीने चालणारी ती एकटीच. तिलाही शिवायचं नाही.

कुठल्याशा अंड्यातून वांगं निघतं. आपल्याकडे वांग्याला भरून, भाजून, भरीत करून इतका मान आहे, पण इथलं वांगं वाईट. ते मिळालं की काही वेळ पट्टी भराभर ओसरते. ते डोक्यावर आहे तोवर फळांमागे पळत सुटायचा मोह होतो, आणि बहुतेक मरणं तेव्हाच येतात. वांग्याने मारलेलं नसतं, पळण्याने मारलेलं असतं.

दुसऱ्या एखाद्या अंड्यातून स्केटबोर्ड निघतो. त्यावर पाय ठेवला की थांबणं संपलं. वेग कमी करता येतो, पण उभं राहता येत नाही. मोबदल्यात एक सवलत मिळते: एकदा धडकलात तर बोर्ड जातो, जीव राहतो. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बेटाने दोन प्रकारची मदत देऊ केली आहे. एकीत दूध मिळतं आणि उसंत मिळते. दुसरीत संरक्षण मिळतं, पण आपल्या पायांवरचा ताबा द्यावा लागतो. बोर्डावरून जाताना फळं हुकतात, अंडी मागे पडतात, पण वाट लवकर सरते. लहान मुलं बोर्ड कधी सोडत नाहीत. जाणते खेळाडू पुढची वाट आठवून ठरवतात. तुम्ही मनात बोर्डावर उभे राहा आणि समोरून येणारी शेकोटी, दगड, खड्डा बघा. मग उतरा, आणि तीच वाट चालत जा. दोन्ही वेळा अंगात कुठे ताण येतो, त्याची नोंद घ्या.

आता कानांकडे. या यंत्राला आवाजाच्या पाच वाटा आहेत: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. एवढ्यावर जुन चिकुमा यांनी या बेटाचं संगीत बांधलं. बॉम्बरमॅनचं संगीतही त्यांचंच. चाल आनंदी आहे, उड्या मारत जाणारी, आणि लहानशी असल्यामुळे लवकर फिरून परत येते. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना ती आत्ता ऐकू येत असेल. वरची धून सोडून द्या आणि खालचा, त्रिकोणी लहरीचा गोल आवाज धरा. त्रिकोणी लहरीची पातळी त्या यंत्रात कमी-जास्त करता येत नाही. ती असते किंवा नसते. म्हणून त्या आवाजात लाडीगोडी नाही. तो पावलांसारखा पडतो. पट्टी कितीही उतरली तरी त्याची गती बदलत नाही.

त्या आवाजाबरोबर काही पावलं चालवा.

वाटेत पाट्या लागतात: १, २, ३, ४. मेलात तर शेवटच्या गाठलेल्या पाटीपासून पुन्हा सुरू करायचं, पण हातातली कुऱ्हाड गेलेली असते. हे फार कठोर आहे. जिथे हत्यार असताना जमलं नाही, तिथेच निःशस्त्र उभं करतात. बऱ्याच जणांनी हा खेळ अर्धवट सोडला तो इथेच, आणि त्यांना दोष देता येत नाही. जीव संपले की खेळ थेट पहिल्या फेरीवर येतो. एकूण आठ प्रदेश, प्रत्येकात चार फेऱ्या, म्हणजे ३२ फेऱ्या. कुठे जंगल, कुठे पाण्यावर तरंगत्या आधारांवरून उड्या, कुठे गुहा. प्रत्येक चौथ्या फेरीच्या शेवटी तोच राक्षस उभा असतो. त्याला हरवलं की त्याचं डोकं उडून जातं, खालून दुसरं डोकं दिसतं आणि तो पुढच्या प्रदेशात पळतो. एवढं करून समोरचा संपत नाही, चेहरा बदलतो. हे ज्याला मनाला लावून घ्यायचं असेल त्याने घ्यावं. मी त्याच्यापाशी फार रेंगाळत नाही, कारण राक्षसापेक्षा मोठी गोष्ट पहिल्याच फेरीच्या शेवटी दडलेली आहे.

फेरीच्या शेवटी ‘जी’ अक्षराची पाटी असते. ती दिसली की खेळाडू तिच्याकडे धाव घेतो, कारण पट्टी उतरत आलेली असते आणि फेरी संपवायची असते. पण पाटीजवळ, जिथे काही दिसत नाही अशा जागी, एक अंडं लपलेलं आहे. ते उघडं पाडलं तर आतून मधमाशी निघते. मधमाशी हे हडसनचं बोधचिन्ह. ती एकदा मिळाली की पुढे सगळे जीव संपले तरी सुरुवातीच्या पडद्यावर विशिष्ट बटणं दाबून, जिथे मेलात त्याच फेरीपासून पुन्हा सुरू करता येतं. ३२ फेऱ्यांचा हा डोंगर चढायची खरी सोय हीच आहे, आणि ती कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या कॅसेटींबरोबर पुस्तिका येत नसे. ज्याच्या चुलतभावाला किंवा शेजारच्या दादाला ठाऊक असेल त्याला कळायचं. बाकीच्यांनी पहिली फेरी पुन्हा पुन्हा खेळली आणि प्रत्येक वेळी त्या जागेवरून धावत गेले.

मनातल्या पाटीपाशी आता थांबा. मागे वळून बघू नका, तिकडे जाता येत नाही. पाटीच्या अलीकडची मोकळी जागा बघा. पट्टीत थोड्याच रेघा उरल्या आहेत असं समजा, आणि तरीही कुऱ्हाड रिकाम्या हवेत चालवा. त्यासाठी वेळ खर्च होणार आहे, आणि इथे वेळ म्हणजे अन्न. उपाशी माणसाने, घर समोर दिसत असताना, काही नाही अशा ठिकाणी दोन घाव घालायचे आहेत. हे अंडं इथे ठेवणाऱ्याला खेळाडू इथे घाईत असणार हे पक्कं माहीत होतं.

अंडं फुटू द्या. मधमाशी घ्या. मगच पाटीकडे जा.

या बेटाचे पुढे आणखी भाग निघाले, डायनासोरांच्या पाठीवर बसायचेसुद्धा. चौथा भाग जून १९९४ मध्ये फक्त जपानमध्ये आला, आणि फॅमिकॉमसाठी तिथे अधिकृतपणे निघालेला तो शेवटचा खेळ ठरला. ताकाहाशींनी २०११ मध्ये हडसन सोडलं, आणि २०१२ मध्ये कोनामीने ती कंपनी स्वतःत विलीन करून टाकली.

पाटी ओलांडली की पट्टीत उरलेल्या रेघा मोजल्या जातात आणि त्यांचे गुण मिळतात. पुढची फेरी भरल्या पट्टीनिशी सुरू होते. ज्यांना आज एवढंच पुरे आहे त्यांनी हातपाय ताणून उठावं. ज्यांना आणखी बसायचं आहे त्यांनी दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दगडापाशी यावं आणि त्याच्या पुढे काय आहे ते आधी बघून घ्यावं.